जुन्या व्हिडिओ गेमच्या आठवणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या गेमचा विषय निघाला की साधारण हेच प्रश्न येतात. उत्तरं क्रमाने वाचायलाच हवीत असं नाही. मतं माझी आहेत, ती पटली नाहीत तर सोडून द्या.

क्लासिक गेम म्हणजे नक्की कोणते?

ज्याचे त्याचे वेगळे. एकाला अटारीचा १९७२ चा 'पाँग' आठवतो, दुसऱ्याला मारिओ, तिसऱ्याला नोकियाच्या फोनवरचा साप. माझ्यापुरती मी १९९० च्या दशकाची अखेर ही हद्द धरतो. त्यानंतर गेम इंटरनेटवर गेले आणि आठवणींचा पोतच बदलला. ज्यांचं बालपण त्यापुढचं आहे ते वाद घालतील. घालू देत.

लेव्हल आठवत नाहीत, बॉस आठवत नाहीत, पण धून मात्र अजून जशीच्या तशी डोक्यात आहे. असं का?

कारण ती तुम्ही अगणित वेळा ऐकली आहे. आपण सारखे मरायचो, आणि मेलं की लेव्हल पहिल्यापासून, धूनही पहिल्यापासून.

शिवाय ती लक्षात राहील अशीच बांधावी लागायची. निन्टेंडोच्या एनईएस या टीव्हीला जोडायच्या कन्सोलमध्ये आवाजाचे एकूण पाच मार्ग होते. दोन सुरावटीसाठी, एक बहुतेक वेळा खर्जासाठी, एक नुसत्या खरखरीसाठी, ज्यातून ताल काढायचा, आणि एक रेकॉर्ड केलेल्या छोट्या तुकड्यांसाठी. उडीचा किंवा नाणं उचलल्याचा आवाजही यातूनच जायचा, आणि तेवढ्या क्षणापुरता धुनेतला एखादा सूर गप्प व्हायचा. इतक्या कमी जागेत वाद्यांची दाटी करून वेळ मारून नेता येत नाही. चालच पक्की लागते. कोजी कोंडो यांनी १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'साठी केलेली चाल २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत घेतली. व्हिडिओ गेमचं संगीत त्या यादीत येण्याची ती पहिलीच वेळ होती.

आणि घड्याळ १०० च्या खाली गेलं की तीच चाल भराभर वाजायला लागायची. त्या आवाजाने सरळसोट उड्याही चुकायच्या.

कॅसेटवर फुंकर मारल्याने खरंच गेम चालू व्हायचा का?

गेम चालू व्हायचा, हे खरं. फुंकरीचा त्यात वाटा नव्हता.

एनईएसमध्ये कॅसेट, म्हणजे गेम ज्यात भरलेला असायचा ती प्लास्टिकची डबी, समोरून सरकवून खाली दाबायची असायची. आतली ७२ पिनांची पट्टी वारंवार वाकून सैल व्हायची. शिवाय मशीनमध्ये नकली कॅसेट ओळखणारी एक चिप होती. तिला कॅसेटकडून नीट उत्तर मिळालं नाही की ती मशीन साधारण सेकंदासेकंदाला रीसेट करत राहायची. लुकलुकणारा लाल दिवा तो हाच. कॅसेट वरून खोचायच्या मशीनमध्ये ही भानगड नव्हती, तिथे पट्ट्यांवरची धूळ आणि काळा थर आडवा यायचा. दोन्हीकडे उपाय एकच: कॅसेट काढून परत घालणं. पिना नव्याने टेकायच्या, कधी जुळायच्या, कधी नाही. मधल्या वेळात आपण फुंकर मारलेली असायची, म्हणून श्रेय तिला. तोंडातल्या ओलाव्याने पट्ट्या उलट खराब व्हायच्या, आणि निन्टेंडोचाही सल्ला फुंकू नका असाच होता.

पण हे कोणाला सांगणार? प्रत्येकाची आपापली पद्धत होती. कोणी माउथ ऑर्गन वाजवल्यासारखी या टोकापासून त्या टोकापर्यंत फुंकायचा, कोणी शर्टाच्या टोकाने पुसायचा, कोणी कॅसेट पूर्ण न दाबता केसभर बाहेर ठेवायचा. ज्याची पद्धत लागू पडेल, त्या दिवशी मशीनचा ताबा त्याचा.

ते गेम एवढे अवघड का असायचे?

बरेचसे गेम आधी नाण्यावर चालणाऱ्या मशीनसाठी बनले होते. तिथे खेळणारा लवकर मेला तरच पुढचं नाणं पडणार. ते घरात आले तेव्हा अवघडपणाही सोबत आला. दुसरं कारण जागेचं. अख्खा 'सुपर मारिओ ब्रदर्स' ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. आज फोनवर काढलेला एक फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. तेवढ्यात ८ वर्ल्ड, म्हणजे ३२ लेव्हल कोंबायच्या, म्हणून ढगाचं आणि झुडपाचं चित्र एकच वापरलंय, फक्त रंग बदलून. एकदा हे कळलं की झुडपात ढगच दिसायला लागतो. इतका छोटा गेम सोपा असता तर एका दुपारी संपला असता.

त्यात सेव्हची सोय नाही. सेव्ह करायचं म्हणजे पॉज करायचं, टीव्ही बंद करायचा, मशीन तसंच तापत ठेवायचं आणि घरातलं कोणी प्लग काढणार नाही यावर नजर ठेवायची. एनईएसवरचा 'मेट्रॉइड' २४ अक्षरांचा पासवर्ड द्यायचा. तो वहीच्या मागच्या पानावर उतरवायचा, आणि दुसऱ्या दिवशी ते शून्य होतं की ओ, यावर सगळी मेहनत अडकायची. 'लेजंड ऑफ झेल्डा'च्या कॅसेटमध्ये बॅटरीच बसवलेली होती, त्यामुळे मशीन बंद करूनही खेळ शिल्लक राहायचा. आज यात काय विशेष असं वाटेल, पण तेव्हा ती चैन होती.

मारिओबद्दल एक गोष्ट अनेकांना फार उशिरा कळते. गेम ओव्हर झाल्यावर पहिल्या स्क्रीनवर ए दाबून धरून स्टार्ट दाबलं की जिथे मेलात त्याच वर्ल्डपासून सुरू करता येतं. हे ऐकून लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

माझं म्हणणं असं, की आठवणी एवढ्या घट्ट बसल्या त्या या कमतरतेमुळेच. गेम मोजके होते आणि ते संपत नव्हते, म्हणून ते पाठ झाले. कुठल्या विटेत लाइफ आहे, कुठल्या पाइपमधून खाली जाता येतं, हे डोक्याच्या आधी बोटांना ठाऊक असायचं.

गोळीबाराच्या 'कॉन्ट्रा' या गेमचा ३० लाइफचा कोड कोणी बनवला?

कोनामीचे प्रोग्रॅमर काझुहिसा हाशिमोतो यांनी, पण 'कॉन्ट्रा'साठी नाही. १९८६ मध्ये 'ग्रेडियस' हा गेम घरच्या कन्सोलवर आणताना तो त्यांना खेळून तपासायचा होता, आणि तो त्यांनाच झेपत नव्हता. म्हणून त्यांनी सगळी शस्त्रं एकदम मिळतील असा बटणांचा क्रम आत टाकला, आणि गेम विकायला गेला तेव्हा तो तसाच आत राहिला. पुढे कंपनीने तोच क्रम इतर गेममध्ये वापरला: वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए. वाचता वाचता अंगठा हलला असेल, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

कोडशिवाय तीन लाइफ मिळायच्या, त्यातली पहिली पहिल्याच पुलावर जायची. तो पूल पायाखाली फुटत जातो हे कोणी आधी सांगत नसे.

आणि बाकीच्या ऐकीव गोष्टी? झेंड्याच्या खांबावरून उडी, कुत्र्याला गोळी, उणे एक वर्ल्ड?

गंमत म्हणजे बऱ्याच खऱ्या निघाल्या.

मारिओमध्ये झेंड्याच्या खांबावरून पलीकडे उडी मारता येते, पण सगळ्या लेव्हलमध्ये नाही. तिसऱ्या वर्ल्डच्या तिसऱ्या लेव्हलमध्ये झुलत्या फळीच्या मदतीने लोकांनी ते केलंय. पलीकडे काही नाही. वेळ संपेपर्यंत नुसतं धावायचं आणि मरायचं.

उणे एक वर्ल्ड खरंच आहे. १-२ च्या, म्हणजे पहिल्या वर्ल्डच्या दुसऱ्या लेव्हलच्या, शेवटी भिंतीतून आरपार घुसून चुकीच्या वेळी पाइपमध्ये शिरलं की तिथे पोहोचता येतं. गेमच्या हिशेबाने तो ३६ वा वर्ल्ड असतो, पण ३६ क्रमांकाच्या जागी रिकामं चित्र आहे, म्हणून पडद्यावर नुसतं '-१' उरतं. कॅसेटवरच्या गेममध्ये तिथे पाण्यातली एकच लेव्हल पुन्हा पुन्हा येते, सुटका नाही.

बंदुकीने बदकं मारायच्या 'डक हंट'मधला हसणारा कुत्रा घरच्या गेममध्ये अमर आहे. नाण्याच्या मशीनवर आलेल्या आवृत्तीत मात्र बोनस फेरीत त्याला गोळी लागायची. म्हणजे 'मी मारलाय त्याला' म्हणणारा मुलगा कदाचित थापाड्या नव्हता. बहुतेक होता, पण कदाचित नव्हता.

'पॅक-मॅन'ची भुतं मुद्दाम घेरतात असं वाटायचं. ते भास होते का?

नाही, ती खरंच घेरतात. १९८० मध्ये नामकोच्या तोरू इवातानी यांनी बनवलेल्या या गेममध्ये चारही भुतांचे स्वभाव वेगळे आहेत. लाल ब्लिंकी थेट तुमच्या मागे येतो. गुलाबी पिंकी तुमच्या तोंडासमोरची चार घरं पुढची जागा गाठायला बघतो, म्हणजे वाट अडवतो. निळ्या इंकीचं ठिकाण तुम्ही आणि ब्लिंकी दोघं कुठे आहात यावरून ठरतं, म्हणून त्याचा अंदाज येत नाही. नारिंगी क्लाइड लांबून अंगावर येतो आणि आठ घरांच्या आत पोहोचला की घाबरल्यासारखा आपल्या कोपऱ्याकडे पळतो. मध्येमध्ये चौघंही थोडा वेळ पाठलाग सोडून आपापल्या कोपऱ्यात जातात. तेवढीच उसंत.

यात नशिबाचा भाग जवळजवळ नाही. तुम्ही अगदी तसेच फिरलात तर भुतंही अगदी तशीच फिरतात, म्हणून मुरलेले खेळाडू वाटा पाठ करून ठेवत. २५६ व्या लेव्हलला मात्र कोणाचंच पाठांतर पुरत नाही. तिथे मशीनचा आठ बिटांचा, म्हणजे २५५ पर्यंतच मोजणारा, आकडा उलटतो आणि अर्धा पडदा अक्षरांच्या कचऱ्याने भरून जातो. तिथवर एकही ठिपका, फळ किंवा भूत न सोडता पोहोचलं तर जास्तीत जास्त ३३,३३,३६० गुण होतात.

'स्पेस इनव्हेडर्स'मध्ये शेवटचा एक उरला की तो सुसाट का सुटायचा?

मशीनचा भार हलका व्हायचा म्हणून. १९७८ मध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी ५५ परग्रहवासी एका वेळी पडद्यावर उभे केले, आणि तेवढ्यांना हलवताना प्रोसेसरची दमछाक व्हायची. जसजसे ते मरत, तसतसं काम कमी आणि वेग जास्त. निशिकादोंना ते आवडलं, त्यांनी ते तसंच ठेवलं. 'स्ट्रीट फायटर २'मधले एकापाठोपाठ एक बसणारे, अडवता न येणारे फटकेही असेच न ठरवता आलेले. आज मारामारीचा कुठलाही गेम त्याशिवाय बनत नाही.

धाकट्या भावाच्या हातात न जोडलेला रिमोट देऊन 'तूच खेळतोयस' म्हणून सांगितलं होतं. आता खरं सांगावं का?

सांगा. त्याला बहुधा माहीत आहे, आणि तो तुमच्या तोंडून ऐकायची वाट बघतोय.

तसाही दुसऱ्या रिमोटचा मान कमीच होता. मारिओमध्ये पहिला मरेपर्यंत दुसऱ्याने लुइजी होऊन थांबायचं. पहिला चांगला खेळला की दुसऱ्याची शिक्षा वाढायची, त्यामुळे मनातल्या मनात त्याच्या मरणाची प्रार्थना चालायची. 'कॉन्ट्रा'त दोघं एकत्र, पण धबधब्याच्या स्टेजमध्ये एकजण उड्या मारत भराभर वर गेला की पडदा त्याच्याबरोबर सरकायचा आणि खाली राहिलेला फुकट मरायचा. तिथे कितीतरी दोस्त्या तुटल्यात आणि पुढच्या स्टेजला पुन्हा जुळल्यात. 'डक हंट'मध्ये मात्र धाकट्यांना सूड घ्यायची सोय होती: एका बदकाच्या खेळात दुसऱ्या रिमोटने बदक उडवता यायचं. फार थोड्या धाकट्यांना हे ठाऊक होतं, कारण ते मोठ्यांनी सांगायला हवं होतं.

मला तर वाटतं, आपल्या आठवणीतले कितीतरी गेम आपण खेळलेलेच नाहीत. दुसऱ्याच्या खांद्यामागून 'उडी मार, उडी मार' ओरडत बघितलेत. तेही खेळात धरायला माझी हरकत नाही.

बदकं मारायची बंदूक आजच्या टीव्हीवर का चालत नाही?

कारण ती बंदूक काही सोडत नाही, ती बघते. चाप ओढला की गेम क्षणभर पडदा काळा करतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. नळीतल्या सेन्सरला आधी अंधार आणि लगेच उजेड दिसला तर नेम बसला. काळा पडदा आधी येतो तो लबाडी पकडायला, नाहीतर नुसती दिव्याकडे बंदूक धरून जिंकता आलं असतं. हे सगळं जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेगावर बेतलेलं आहे. आजचा टीव्ही चित्र थोडं उशिरा दाखवतो, आणि त्याचा उजेडही त्या सेन्सरला ओळखू येईल असा नसतो. बंदूक बिघडलेली नाही, टीव्ही बदललाय.

नळी पडद्याला टेकवून गोळी मारणं हे तेव्हाही चालायचं. त्याला नेमबाजी म्हणायचं का, हा वाद वेगळा.

तोच गेम मोठ्या नव्या टीव्हीवर लावला तर नुसते चौकोन दिसतात. पूर्वी तो एवढा वाईट दिसायचा का?

नाही, आणि तुमची आठवण तुम्हाला फसवत नाहीये. एनईएसचं चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचं असायचं. काचेच्या टीव्हीवर ते ठिपके एकमेकांत थोडे पसरायचे, कडा मऊ व्हायच्या, ओळींच्या मध्ये बारीक काळी रेघ यायची. चित्रं काढणाऱ्यांनी हे धरूनच चित्रं काढली. १९९१ च्या 'सॉनिक'मधला धबधबा हे याचं उत्तम उदाहरण. मूळ चित्रात तो नुसत्या उभ्या पट्ट्यांचा आहे. साध्या वायरने जोडलेल्या जुन्या टीव्हीवर त्या पट्ट्या मिसळून जायच्या आणि पाण्याआडचा सॉनिक खरोखर अंधुक दिसायचा. नव्या टीव्हीवर पट्ट्या त्या पट्ट्याच.

उडी चुकते त्यातही सगळा दोष वयाचा नाही. नवा टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवतो. सेटिंगमध्ये 'गेम मोड' असेल तर तो चालू करा. त्यानंतरही चुकली तर मात्र वय.

टेट्रिस खेळून झोपलं की मिटल्या डोळ्यांपुढे तुकडे पडत राहायचे. बाकीच्यांनाही असं व्हायचं?

इतक्यांना व्हायचं की त्यावर संशोधन झालं. हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांच्या गटाने लोकांना टेट्रिस खेळायला लावून झोप लागताना काय दिसतं ते विचारलं. तो अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्मृतिभ्रंश झालेलेही काही जण होते. आपण कुठला गेम खेळलो हे त्यांना सांगता येत नव्हतं, तरी त्यांच्यातल्या काहींना पडणारे तुकडे दिसत होते. म्हणजे गेम आठवणं आणि गेम डोक्यात राहणं ही दोन वेगळी कामं आहेत.

टेट्रिस १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी लिहिला, तोही चित्रं दाखवू न शकणाऱ्या 'इलेक्ट्रोनिका ६०' या कॉम्प्युटरवर, त्यामुळे पहिले तुकडे कंसांच्या चिन्हांनी काढलेले होते. १९८९ मध्ये तो निन्टेंडोच्या गेम बॉय या हातात धरून खेळायच्या मशीनबरोबर बऱ्याच देशांत फुकट मिळाला आणि मग कोणाच्याच हातातून सुटला नाही. एनईएसवरच्या आवृत्तीत २९ व्या लेव्हलला तुकडे इतक्या वेगाने येतात, की पुढे कोणी जाऊच शकत नाही असं वर्षानुवर्षं मानलं जायचं. मग नव्या पिढीने बटण अंगठ्याने दाबण्याऐवजी रिमोटच्या पाठीवर बोटं आपटण्याची युक्ती काढली. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतला १३ वर्षांचा एक मुलगा १५७ व्या लेव्हलला पोहोचला आणि गेमच गोठला. माणसाच्या हातून हरायला त्या गेमला ३४ वर्षं लागली.

कन्सोल नव्हता, फक्त कॉम्प्युटर होता. त्या आठवणी यात बसतात का?

का नाही? 'डेव्ह', 'डूम', 'माइनस्वीपर', पत्त्यांचा 'सॉलिटेअर' ही यादी मारिओपेक्षा छोटी नाही. सॉलिटेअर १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर आला, आणि माउसने एखादी वस्तू उचलून दुसरीकडे सोडायची सवय कितीतरी लोकांना पत्त्यांनीच लावली. तो लिहिणाऱ्या वेस चेरी या इंटर्नने साहेब आले की खोटं कामाचं पान दाखवणारं बटणही ठेवलं होतं. मायक्रोसॉफ्टने ते काढायला लावलं.

पण माझा जीव 'प्रिन्स ऑफ पर्शिया'त. जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला पळताना, उड्या मारताना कॅमेऱ्यात टिपलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं. १९८९ मध्ये, जेव्हा इतर नायक दोन चित्रांत पाय हलवत होते, तेव्हा हा प्रिन्स धावता धावता घसरून थांबायचा, कठड्याला बोटांनी लटकायचा. त्या हालचालींनी मेमरी एवढी खाल्ली की वेगळा शत्रू बसवायला जागा उरली नाही. मेकनर यांनी प्रिन्सचीच चित्रं उलटीपालटी करून त्याची सावली बनवली, आणि आरशातून बाहेर पडणारा तो प्रतिस्पर्धी गेममधला सगळ्यात लक्षात राहणारा ठरला. जागा असती तर तिथे एखादा साधा राक्षस आला असता. आणि हे सगळं ६० मिनिटांच्या आत. घड्याळ तुम्ही मेलात म्हणून थांबत नसे.

'९९९९९९९ इन १' कॅसेटमध्ये खरंच तेवढे गेम होते का?

नव्हते. यादी खाली सरकवत गेलं की थोड्याच वेळात पुन्हा पहिला गेम यायचा, कधी नाव बदलून, कधी तिसऱ्या लेव्हलपासून सुरू होणारा. तरी दर वेळी कोणीतरी शेवटपर्यंत सरकवून बघायचंच.

सगळे जुने गेम चांगलेच होते का?

अजिबात नाही. आठवणीत चांगले राहिले, एवढंच. १९८२ मध्ये अटारीने 'ई.टी.' हा गेम हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांच्याकडून जेमतेम पाच आठवड्यांत करून घेतला. पात्र सारखं खड्ड्यात पडायचं, वर आलं की पुन्हा पडायचं. न खपलेल्या कॅसेट न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरल्या गेल्या. कितीतरी जण ही दंतकथाच समजायचे, शेवटी २०१४ मध्ये खोदकाम झालं आणि त्या बाहेर निघाल्या. अशा ढिसाळ गेमचा पूर आल्याने १९८३ मध्ये अमेरिकेतला घरगुती गेमचा धंदा कोसळला. वॉर्शॉ यांची मात्र कीव करू नका. अटारीचे काही उत्तम गेमही त्यांचेच आहेत.

आवडता गेम इतक्या वर्षांनी पुन्हा लावला आणि दहा मिनिटांत कंटाळा आला. माझ्यात काही बिघडलंय का?

नाही. तुम्हाला परत हवं होतं ते सगळं कॅसेटमध्ये नव्हतंच. लांबलचक सुट्टी, शेजारी बसून चुका काढणारा मित्र, 'शेवटची एक लाइफ' म्हणून मागून घेतलेली मुदत, हे मशीनबाहेर होतं. साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षातल्या आठवणी माणसाला म्हातारपणीही जास्त ठळक राहतात, हे मानसशास्त्रात अनेकदा दिसून आलंय. गेम नेमका त्या काळात आला, म्हणून त्याला आजूबाजूच्या सगळ्याचं श्रेय मिळालं.

दुसरी अडचण सोयीची आहे. एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, एका फोल्डरमध्ये हजार गेम असतात आणि कुठल्याही क्षणी सेव्ह करून मागे जाता येतं. अशा वेळी कुठलाच गेम दहा मिनिटांच्या पुढे टिकत नाही. मी लोकांना सांगतो, एकच गेम निवडा, बाकीचे नजरेआड करा, आणि निदान एक आठवडा सेव्हचं बटण वापरू नका. सातव्या वर्ल्डमध्ये मरून पहिल्यापासून सुरू करावं लागलं की जो संताप येतो, तो आला तर समजा गाडी रुळावर आली. आणि शक्य असेल तर तेव्हाच्या जोडीदारालाच बोलवा. तो आता गंभीर माणूस झालेला असेल. धबधब्यापर्यंत टिकत नाही ते गांभीर्य.

काही गेम मात्र आठवणीच्या आधाराशिवाय आजही उभे राहतात. टेट्रिस, पॅक-मॅन, मारिओ यांना कधीच न खेळलेला माणूसही पाच मिनिटांत अडकतो. घरात मुलं असतील तर सुरुवात यांच्यापासून करा, आणि सूचना देऊ नका. मारिओची पहिली लेव्हल स्वतःच शिकवते: समोरून पहिला शत्रू येतो, उडी मारावी लागते, डोकं विटेवर आपटतं, मशरूम बाहेर पडतं. तुम्ही मध्ये बोललात तर त्यातली मजा तुम्ही खाल्लीत.

आज हे गेम रीतसर कुठे मिळतात?

मोठ्या कंपन्यांनी आपल्या गाजलेल्या गेमचे संग्रह आजच्या कन्सोलवर आणि कॉम्प्युटरवर विकायला ठेवलेत. निन्टेंडोने २०१६ मध्ये ३० गेम भरलेला एनईएसचा छोटा अवतारही काढला होता. पण ही झाली गाजलेल्यांची सोय. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत तिथे प्रसिद्ध झालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात कुठेच मिळत नसल्याचं दिसलं. ते शोधायचे तर जुनी कॅसेट आणि जुनं मशीन शोधायचं.

एम्युलेटर हा वेगळा विषय. निकोला साल्मोरिया यांनी १९९७ मध्ये सुरू केलेला 'मेम' हा प्रकल्प नाण्याच्या मशीनचं अंतरंग जपून ठेवण्यासाठीच चालतो. एम्युलेटर वापरणं सहसा अडचणीचं नसतं. ज्याचे हक्क कोणाकडे तरी आहेत असा गेम फुकट उतरवून घेणं मात्र कायद्यात बसत नाही. विकायलाही ठेवायचा नाही आणि जपूही द्यायचा नाही, ही काही कंपन्यांची भूमिका मला पटत नाही, पण कायदा माझ्या पटण्यावर चालत नाही.

कपाटात जुना कन्सोल सापडलाय. लगेच लावून बघू का?

थांबा. आधी अडॅप्टर बघा. मशीनच्या तळाला किती व्होल्ट, एसी की डीसी, आणि डीसी असेल तर मधली पिन धन की ऋण, हे छापलेलं असतं. ते अडॅप्टरवरच्या आकड्यांशी तंतोतंत जुळवा. एनईएसचा मूळ अडॅप्टर एसी देतो, त्याच कुटुंबातल्या जपानी फॅमिकॉमला डीसी लागतो. पिन बसते म्हणून लावला आणि मशीन गेलं, असं अनेकदा होतं.

कॅसेटच्या पट्ट्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा आणि पूर्ण वाळू द्या. सोबत काचेचा टीव्ही असेल तर तो मात्र स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही आत जिवावर बेतेल इतकी वीज साठून राहू शकते.

कॅसेटमधला माझा सेव्ह अजून असेल का?

बॅटरी जिवंत असेल तर असेल. अनेक कॅसेटमध्ये नाण्याच्या आकाराची बॅटरी आतल्या सर्किटवर सोल्डर करून बसवलेली असते. काही तीस वर्षांनीही चालतात. १९९९ च्या 'पोकेमॉन गोल्ड' आणि 'सिल्व्हर'च्या लवकर संपतात, कारण त्यांच्यात घड्याळही त्याच बॅटरीवर चालतं. बॅटरी काढली की सेव्ह जातो, म्हणून बदलायच्या आधी कॅसेट वाचणारं उपकरण वापरून त्याची प्रत कॉम्प्युटरवर घ्या. नवी बॅटरी बसवल्यावर तीच प्रत परत कॅसेटमध्ये भरता येते.